माळावर सोडलेला बोकड

कळंबात ख्रिस्ती घरं मोजून सहा, आणि त्या सहा घरांत मिळून आवाज एकच. तो देवदान शिरसाठचा. रविवारच्या उपासनेत देवदानतात्या शास्त्र वाचायला उभा राहिला की प्रार्थनाघराच्या पत्र्यावरची कबुतरं उडतात, असं लोक म्हणतात. लोकांचं सोडा, लोक काहीही म्हणतात. पण कबुतरं उडतात हे खरं आहे. नीरेच्या काठावर शेतकऱ्यांनी मिळून बसवलेल्या उपसा पंपावर तीस वर्षं काढलेला माणूस. मोटारीच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. ती मोटार सुटली तरी आवाज काही खाली उतरला नाही.

पण एवढ्या आवाजाच्या माणसाची एक गंमत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूच्या शरीराची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा, रक्ताची आठवण म्हणून द्राक्षरसाचा घोट. थाळी तिसऱ्या बाकापर्यंत आली की चौथ्या बाकावरच्या तात्याला हमखास बाहेर काम निघायचं. एकदा म्हणे चावी गाडीलाच राहिली. एकदा शेळी उन्हात बांधली होती. एकदा तर "कुणीतरी हाक मारली" म्हणून गेला, आणि हाक मारणाऱ्याला शोधत थाळी परत जाईपर्यंत चिंचेखाली उभा राहिला. आठ वर्षं असंच. कुणी म्हणे, तात्याला द्राक्षरसानं पित्त होतं. कुणी म्हणे, घरी बायकोशी भांडून येत असणार. मनात भांडण ठेवून प्रभुभोजन घेऊ नये म्हणतात. त्यावर तात्याची बायको चतुराबाई म्हणायची, "भांडण आड येत असतं, तर ह्यांनी लगीन झाल्यापास्नं एकदाबी घेतलं नसतं."

खरं कारण एकट्या तात्याला ठाऊक होतं. त्या कारणाचं नाव मानसिंग.

मानसिंग पंपावर तात्याच्या हाताखाली कामाला होता. उन्हाळ्यात नदी खाली गेली की जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाच्या त्या खोल गोल विहिरीत, शेवाळ आणि जलपर्णी येऊन पाइपाच्या तोंडाला बसायची. मग लोखंडी शिडीनं कुणीतरी खाली उतरून ती ओढून काढायची. त्या दुपारी लाईट गेलेली होती. मोटारीला ऑटो होता. ऑटो म्हणजे आळशी माणसाचा देव. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते, कुणाला उठायला नको. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून मानसिंगनं विचारलं, "तात्या, ऑटो काढलाय न्हवं?"

तात्या तंबाखू मळत होता. "काढलाय, काढलाय. उतर तू."

काढला नव्हता.

लाईट आली तेव्हा तात्याच्या ओठाखाली तंबाखूची गोळी नुकती बसली होती. मोटार घुमली. केबल जिथं शिडीला घासत होती तिथनं करंट शिडीत उतरला. खालून आवाज आला तो माणसाचा नव्हता, पाण्याचा होता. तात्यानं धावत जाऊन फ्यूज उपटला, आणि मग, सगळं संपल्यावर, ऑटोची कळ खाली केली. आधी करायची ती गोष्ट नंतर केली. माणसं गोळा झाली, पोलीस आले, कुणीतरी विचारलं, कसं काय झालं? तात्याचं तोंड तात्याला न विचारता बोललं, "घेतलेली व्हती त्यानं. पाय घसरला."

एवढंच. पण महिन्यापूर्वी एका वरातीत मानसिंग पिऊन नाचताना साऱ्या गावानं पाहिला होता. त्यामुळं त्या वाक्यावर कुणी शंका काढली नाही. पुढचा पंचनामा, सह्या, कागद, सगळं त्या एका वाक्याच्या मागं मेंढरासारखं खाली मान घालून चालत गेलं. मानसिंगची बायको कुशाबाई त्या दिवसापासून दारूत मेलेल्याची बाई झाली. गाव दुष्ट नव्हतं, पण गावाची जीभ आहे ती. पोरगं शिडीवर चढलं की आया म्हणायच्या, "मानसिंग व्हायचाय का रं, पिऊन आलाईस काय?" कुशाबाई ऐकायची आणि पदर ओढून घेऊन पुढं जायची. लग्नाकार्याला जायचं तिनं सोडलं.

आणि तात्याला लाईटीनं धरलं. गावात लाईट आली की एकदम साऱ्या शिवारातल्या मोटारी सुरू होतात. लोकांना बरं वाटतं. पंखा फिरतो, टीव्ही लागतो. तात्या जेवत असला तरी ताटावरून उठायचा आणि भिंतीला हात लावून उभा राहायचा. कुठंतरी कुणीतरी शिडीवर आहे, असं त्याला वाटत राहायचं. तंबाखू त्याच दिवशी सुटली होती. डॉक्टरानं सांगितलं असं तो सगळ्यांना सांगायचा. डॉक्टर कुठला, ते कुणी विचारलं नाही.

*

ह्या वर्षी लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरच्या आधीचे जे चाळीस दिवस आम्ही उपवासाचे पाळतो त्यात, पाळकसाहेबांना एक कल्पना सुचली. पाळक सुमितसाहेब बारामतीचे, वयानं तिशीतले, दर शनिवार-रविवारी मोटारसायकलवर येणारे. भला माणूस, पण जनावर म्हटलं की त्यांची ओळख ताटातल्या रश्श्यापर्यंतच. त्यांनी ठरवलं की मोशेच्या नियमशास्त्रातला यज्ञांचा भाग रविवारी थोडा थोडा वाचायचा. लोकांना कळायला हवं, ख्रिस्ताच्या बलिदानाआधी इस्राएली लोक काय काय करत होते आणि का.

मंडळी पहिल्याच रविवारी बिथरली. चरबी कुठली जाळायची, गुर्दे कुठं ठेवायचे, रक्त किती वेळा शिंपडायचं. बायका नाकाला पदर लावून बसल्या. बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, "साहेब, आपण इतकी वर्सं छाती काढून सांगत आलो की आमच्यात बोकड कापत न्हाईत. आता हे वाचलं, तर म्हसोबाच्या जत्रंत आन् आपल्यात फरक काय राह्यला?"

साहेबांनी समजावलं. ते सगळं म्हणजे सावली होती. माणूस येण्याआधी त्याची सावली अंगणात येते तशी. माणूस आला, आता सावलीला कुणी चहा विचारत नाही. देवाचा कोकरा एकदाच आला, सगळ्यांसाठी एकदाच गेला; आता जनावराचं काम संपलं.

बोलले छान. पण वाचत होता तात्या. जन्मभर शेळ्या पाळलेला माणूस, त्याला त्या मजकुरात नाक धरण्यासारखं काही दिसेना. उलट ज्यानं हे लिहिलं त्याला जनावर कळत होतं, असं त्याला वाटलं. कळपातलं लंगडं, आंधळं, खरजेचं देवाला देऊन मोकळं व्हायचं नाही. सगळ्यात चांगलं, डाग नसलेलं द्यायचं. आणि दुसऱ्याच्या हातानं नाही. आणणाऱ्यानं स्वतः त्याच्या डोक्यावर हात दाबून ठेवायचा, मग पुढचं. तात्याला ते हात ठेवणं डोक्यातून जाईना. शेळीच्या डोक्यावर, शिंगांच्या मधोमध, ऊन लागतं हाताला. आतलं रक्त लागतं.

मग आला तो दोन बोकडांचा भाग. वर्षातून एकदा दोन बोकड आणायचे. एक वेदीवर जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकानं दोन्ही हात ठेवायचे, साऱ्या लोकांची पापं तोंडानं बोलून त्याच्यावर घालायची, आणि एका माणसाच्या हाती देऊन त्याला रानात, जिथं कुणी राहत नाही तिथं, सोडून यायचं. सोडणाऱ्या माणसानं कपडे धुवायचे, आंघोळ करायची, मगच वस्तीत यायचं.

तात्याचा आवाज तिथं अडकला. कबुतरं पत्र्यावर तशीच बसून राहिली. साहेबांनी पुढं होऊन उरलेलं वाचलं.

*

तात्याच्या दावणीला एक बोकड होता, काळाभोर, दीड वर्षाचा, अंगावर पांढरा केस औषधाला नाही. आई व्यायल्यावर मेली म्हणून तात्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. मंगळवारी सकाळी चतुराबाई शेजारच्या बायकांबरोबर शेतात गेली होती. तात्यानं बोकडाचे पाय बांधले, त्याला गाडीच्या टाकीवर आडवा घेतला आणि कडबनवाडीच्या माळावर गेला. इंदापूर तालुक्यात रान म्हणायचं ते तेच. गवत, बाभळी, चिंकारा, लांडगे. मैलभर माणूस दिसत नाही. शास्त्रात लिहिल्यासारखं.

पाय सोडले. दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी तात्या हळू बोलला. जन्मात पहिल्यांदा हळू. "मानसिंग. मी काढला म्हनलो, काढला नव्हता. मी त्याला प्यालेला केला." बोकडानं मान हलवली आणि त्याचा अंगठा चाटला. त्याला बाटलीची सवय.

मग तात्या पाठ न वळवता चार पावलं मागं गेला, गाडीला किक मारली आणि सुटला. येताना कालव्याला थांबून कपड्यांसकट आंघोळ केली. घरी पोचला तो धोतरापासून टोपीपर्यंत ओला. चतुराबाई दारातच उभी.

"पाऊस पडला का काय तुमच्यापुरता?"

"घसरलो कालव्यात."

"आन् बोकड?"

"तुझ्या भावाला दिला."

बघा, आठ वर्षं एक खोटं पचवलेला माणूस, दुसरं बोलायची वेळ आली तर हे असलं बोलतो. चतुराबाईनं तिथल्या तिथं भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, कुठला बोकड? तात्या ओल्या कपड्यानं गोठ्यात जाऊन बसला.

पण त्या आठवड्यात दोनदा लाईट गेली आणि आली, आणि तात्या ताटावरून उठला नाही. जेवला. ते चतुराबाईनं पाहिलं, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही.

*

बोकड अकराव्या दिवशी परत आला.

झालं होतं असं. माळावर मेंढरं चारणाऱ्या धनगरांना तो सापडला. मालक नाही, दावं नाही, अंगावर डाग नाही, माणसाला भीत नाही. असा बोकड माळावर कोण सोडेल? कुणीतरी देवाला सोडला असणार. देवाला सोडलेल्या जनावराला आपल्याकडं कुणी बांधत नाही, विकत नाही, कापत नाही. धनगरांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, शिंगाला हिरवा खण बांधला आणि कळपाबरोबर चालू दिला. ऊस तुटला होता, गावातल्या सर्जेरावाच्या मोकळ्या रानात खताला मेंढरं बसवायची होती. कळप कळंबात आला. त्यातनं बोकड बाजूला निघाला आणि हलगीच्या मागं नवरदेव निघावा तसा सरळ ख्रिस्ती आळीत शिरला.

चतुराबाई भांडी घासत होती. तिनं खण पाहिला, भंडारा पाहिला, आणि खाली वाकून तोंड पाहिलं.

"अवो," ती आत बघून म्हणाली, "तुमचा मेव्हणा आलाय."

तात्या दारात आला. बोकड अंगणात उभा. आत आला नाही. नुसता उभा राहून बघत होता. तात्या उंबऱ्यावर बसला.

गावाला मात्र दिवाळी. सर्जेराव दूध डेरीचा चेअरमन, तोंडाचा फटकळ. त्यानं भर चौकात विचारलं, "काय तात्या, तुमी सारी बाप्तिस्मा घेतलेली आन् बोकडानं भंडारा लावून घेतला. घरात फूट पडली म्हणायची." माणसं हसली. तात्याही हसला, पण त्याचं हसणं ओठाच्या पुढं आलं नाही. बोकड आता गावाचा झाला होता. भाजीवालीची मेथी खायचा, ती हात जोडायची. कुणाच्या ओट्यावर झोपला तर तो ओटा भाग्याचा. येता-जाता बायका त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि ओठातल्या ओठात काहीबाही मागायच्या. पोरगी सुखी राहू दे, सुनेला दिवस जाऊ देत. सगळ्या जणी नेमक्या तिथंच हात ठेवायच्या, शिंगांच्या मधोमध. तात्याला वाटायचं, ओरडून सांगावं, बायांनो, लावू नका हात, तिथं माझं आहे. लाईट आली की तो पुन्हा ताटावरून उठायला लागला. आता तर मोटारी घुमायच्या, आणि बोकड कुठंही असला तरी आळीच्या तोंडाशी येऊन थांबायचा. योगायोग असेल. संध्याकाळी लाईट येते, संध्याकाळी जनावर घराकडं येतं. तात्याला कोण समजावणार?

एका सकाळी तात्या पाण्याच्या टाकीमागं उभा होता. पलीकडनं कुशाबाई आली. तिनं पदराखालून भाकरी काढली, मोडून बोकडापुढं धरली. खाऊन होईपर्यंत थांबली. मग हात त्याच्या डोक्यावर ठेवला. ती हळू बोलली, पण मधे फक्त टाकीची भिंत.

"त्यांची तेवढी सोडीव रं बाबा. तितं तरी पिऊ देऊ नगंस त्यांना."

तात्यानं भिंतीला पाठ लावली आणि तसाच खाली बसला. गाव काय म्हणायचं ते त्यानं आठ वर्षं ऐकलं होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं, की तिनंही ते खरं मानलं होतं. नवरा सकाळी तोंड धुऊन, भाकरी घेऊन, शुद्धीत कामावर गेलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. पण देवदानतात्यानं सांगितलं म्हणून तिनं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला. शास्त्र वाचणारा माणूस कशाला खोटं बोलेल.

*

शनिवारी पाळकसाहेब गाण्यांच्या सरावाला लवकर आले होते. तात्या जाऊन पुढ्यात बसला आणि बोकडाची गोष्ट सांगितली. मानसिंगची सांगितली नाही, बोकडाची. साहेबांना आधी हसू आलं; कपड्यांसकट आंघोळीपाशी तर त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग त्यांनी तात्याचं तोंड पाहिलं आणि रुमाल घडी करून ठेवला.

"तात्या, हे आपल्याला करायचं नसतं हो. ते बलिदान झालंय. एकदाच."

"ठाऊक हाय मला. मीच वाचतो की दरसाल. पण साहेब, ते कानाला लागतं, हाताला लागत न्हाय. ह्याच्या डोक्यावर हात ठिवला तवा ऊन लागलं. वाटलं, गेलं कुठंतरी."

साहेब म्हणाले, "त्या लोकांनाही तेच हवं असेल. आपलं पाप हवेत विरत नाही, कुणाच्या तरी अंगावर जातं, हे हाताला कळायला हवं. बकऱ्यानं ते फक्त दाखवलं. ज्याच्या अंगावर ते खरंच गेलं, तो पुढं यायचा होता."

"मग माझं परत का आलं?"

साहेबांनी शास्त्र उघडून तात्यापुढं ठेवलं. "मागं दोषाच्या अर्पणाचा भाग तुम्हीच वाचला होता. पुन्हा वाचा. मोठ्यानं नको."

तात्या बोट ठेवून वाचू लागला. शेजाऱ्याला कुणी फसवलं, त्याचं काही बळकावलं, खोटं बोलला, तर त्यानं काय करायचं. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं, मागं गेलं, पुन्हा तिथं आलं.

"साहेब, हितं मेंढा मागनं हाय."

"हो."

"पयलं ज्याचं त्याला द्यायचं. वर आनखी भर घालून. मग मेंढा."

"हो. तो मेंढा ख्रिस्तानं दिला, तात्या. त्यात तुम्हाला भर घालता येणार नाही, आणि घालायचीही नाही. पण पहिलं जे आहे ते त्यानं तुमच्या हातातनं काढून घेतलेलं नाही."

"आन् ते वस्तू नसंल तर? दुसऱ्याचं नाव असंल तर?"

साहेब वयानं लहान होते, पण त्या क्षणी त्यांनी "कुणाचं?" म्हणून विचारलं नाही. ते म्हणाले, "मग तर ते ठेवून घ्यायला जागाही लागत नाही. म्हणून जास्त दिवस राहतं."

*

कुशाबाई कडबाकुट्टीवर गाईसाठी उसाचं वाढं कापत होती. तात्याला पाहून तिनं मशीन बंद केलं. "सलाम तात्या," ती म्हणाली. आमच्यात सलाम करतात, म्हणून ती तात्याला मुद्दाम तसाच करायची. "चतुराबाईनं धाडलं का?"

"न्हाय. मीच आलो."

त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. ऑटो, तंबाखू, शिडी. "मानसिंग प्यालेला नव्हता. थेंबबी न्हाय. मी बोललो ते खोटं व्हतं."

कुशाबाई ऐकत होती. तिच्या हातात वाढ्याची मोळी होती, ती तिनं खाली ठेवली नाही. तात्याला वाटलं होतं, ती शिव्या देईल, विळा उचलेल, निदान रडेल. ती म्हणाली, "पंचनाम्याला किती माणसं व्हती?"

"असतील पंधरा-वीस."

"त्यांच्याम्होरं बोलला तुमी. आन् आज मला एकटीला सांगताय. कुट्टीच्या मागं." तिनं मोळी खाली टाकली. "उद्या सकाळी डेरीवर या. समदी असत्यात."

"येतो."

"आन् ह्या आवाजात नगं. तुमच्या त्या देवळातल्या आवाजात सांगा."

दूध डेरीवर सकाळी साडेसहाला अर्धं गाव असतं. कॅन, किटल्या, रांग, फॅट मोजायचं मशीन, कुणाचा फॅट कमी लागला म्हणून कुरकुर. देवदानतात्या रिकाम्या हातानं आलेला पाहून सर्जेराव म्हणाला, "काय तात्या, बोकडाचं दूध काढून आणलं काय?" तात्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही. रांगेत पाचव्या जागी किटली घेऊन कुशाबाई उभी होती. तात्या रांगेच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि मोटारीच्या वर जाणाऱ्या आवाजात सगळं बोलला. पहिल्यापासून. "काढलाय, काढलाय" हे दोन शब्दसुद्धा जसेच्या तसे.

मशीनवाल्यानं बटण बंद केलं. अप्पा म्हणून एक म्हातारे होते, पंच म्हणून त्यांनी सही केलेली. ते किटलीवर टेकून म्हणाले, "मी न वाचता सही केली रं." सर्जेराव म्हणाला, "तात्या, आठ वर्सं झाली. आता कशापायी उकरायचं? उद्या पोलिसात गेलं परकरण तर?"

"जाईन की. ती म्हनंल तवा."

सगळे कुशाबाईकडं वळले. ती रांग मोडून पुढं आली नाही. जागेवरूनच म्हणाली, "पोलिसाचं मागनं बघू. ऐकलं न्हवं समद्यांनी? आता त्यांचं नाव नीट घ्यायचं. पोरांनाबी सांगा घरी." मग मशीनवाल्याकडं बघून, "लाव की रं. दूध नासंल." पुढच्यानं कॅन उचलला. तिचा नंबर आल्यावर तिनं दूध घातलं, पावती घेतली आणि गेली.

त्यानंतर गावात काय काय झालं ते विचारू नका. काहीजण तात्याच्या घरचं पाणी प्यायला कचरायला लागले. काहीजण म्हणाले, एवढं बोलायला छाती लागते. चतुराबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, पाचव्या दिवशी म्हणाली, "मला सांगितलं असतं तर आठ वर्सं मी तरी तुमच्यासंगं उठले असते ताटावरनं." पहिल्या रविवारी थाळी चौथ्या बाकापाशी आली तेव्हा तात्या बसून होता. त्यानं तुकडा घेतला. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि पुढच्या गीताचा नंबर चुकीचा सांगितला. बोकडाचं म्हणाल तर, तो अजून गावाचाच आहे. मेथीचा भाव वाढला की भाजीवालीला देव जरा जड जातो, एवढंच.

प्रवचन असतं तर इथं आमेन म्हणून सगळे उठले असते. पण कुशाबाई त्या मंडळीतली नव्हती. तिनं माफ केलं असं कुणाला सांगितलं नाही आणि नाही केलं असंही नाही. तात्या वाटेत दिसला तर ती त्याच्याकडं सरळ बघायची, आणि ते बघणं त्याला बोकडाच्या बघण्यापेक्षा जड जायचं.

मे महिन्यात एका दुपारी ती तात्याच्या दारात आली. "मला तितं न्यायचंय," म्हणाली. "नवरा गेला ती जागा मी पाह्यली न्हाय. ते पिऊन पडले म्हनून कधी गेलेच न्हाय."

चतुराबाई बरोबर निघाली, कुशाबाईनं हातानंच थांबवलं. दोघं नदीकाठानं चालत गेले, ती पुढं, तात्या मागं. पंपावर आता नवीन माणूस होता. त्यानं फ्यूज काढून तात्याच्या हातात दिले, न सांगता. तात्या ते मुठीत धरून उभा राहिला. कुशाबाईनं कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी फार खाली होतं, हिरवं, हलत नव्हतं.

"तुमी कुठं व्हता?"

"हितं. ह्या दगडावर."

"आन् ते?"

"तितं. दुसऱ्या पायरीवर व्हता तवा वर बघितलं त्यानं."

ती दुसऱ्या पायरीकडं बघत राहिली. "काय म्हनले?"

डेरीवर तात्यानं सगळं सांगितलं होतं, हे एक सोडून. ते अपघातातलं नव्हतं, पंचनाम्यातलं नव्हतं, म्हणून ते सांगायचं असतं हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ते त्याच्याकडं ठेवायला दिलेलं होतं आणि त्यानं आठ वर्षं पोचवलं नव्हतं.

"म्हनला, तात्या, घराकडं जाताना कुशीला सांगा. मला उशीर हुईल. भाकऱ्या आत्ताच टाकू नगं म्हनावं, गार हुत्यात."

कुशाबाई कठड्यावर हात ठेवून उभी होती. मग ती हळूहळू खाली बसली, त्या दगडावर नाही, जमिनीवर.

"टाकल्या व्हत्या मी," ती म्हणाली.